शिष्यवृत्तीचे चीज

विद्या कष्टाने मिळते. परंतु महाविद्यालयाची फी आणि पुस्तकांचा खर्च केवळ कष्टाने भागत नाही. होतकरू विद्यार्थ्याची ही अडचण शिष्यवृत्तीने दूर होते. मात्र शिष्यवृत्ती म्हणजे दान नव्हे. ती मिळविण्यास पात्रता लागते आणि मिळाल्यावर तिचे चीज करावे लागते. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रात याचे उत्तम उदाहरण आढळते.

भीमराव १९०७ साली मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. ज्या समाजाच्या मुलांना वर्गातही वेगळे बसविले जाई, त्या समाजातील मुलाचे हे यश अपूर्व होते. भीमरावांची वाचनाची आवड कृष्णाजी अर्जुन केळुसकर या विद्वान शिक्षकांनी हेरली होती. पुढे वडिलांना शिक्षणाचा खर्च झेपेना, तेव्हा केळुसकरांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला. महाराजांनी भीमरावांना भेटीस बोलावून प्रश्न विचारले. उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. तिच्या आधारे भीमराव बी. ए. झाले.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी भीमरावांचे पितृछत्र हरपले. घरची स्थिती बिकट होती. त्याच सुमारास महाराज काही विद्यार्थ्यांस अमेरिकेत शिक्षणासाठी पाठविणार होते. भीमराव त्यांस भेटले. महाराजांनी त्यांना अर्ज करण्यास सांगितले. तो मान्य झाला व ४ जून १९१३ रोजी करारपत्रावर सही झाली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत ३ वर्षे आणि शिक्षणानंतर बडोदे संस्थानची १० वर्षे नोकरी, अशा त्याच्या अटी होत्या.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भीमरावांनी अहोरात्र अभ्यास केला. मिळणाऱ्या रकमेतून काटकसर करून ते घरीही पैसे पाठवीत. १९१५ साली ते एम. ए. झाले. नंतर ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली तेथील अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. दिलेला शब्द पाळण्यासाठी ते बडोद्यास रुजू झाले. परंतु अस्पृश्यतेमुळे एवढ्या विद्वान पुरुषाला त्या शहरात राहण्यास जागा मिळेना! अखेर त्यांना नोकरी सोडावी लागली. तरीही ते खचले नाहीत. मुंबईत प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले व १९२० साली पुन्हा लंडनला जाऊन अपुरा अभ्यास पुरा केला.

पुढे १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद झाले. तेव्हा अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारने पैसा द्यावा, अशी मागणी त्यांनी लेखी निवेदनाद्वारे केली. १९४४ साली अशा विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. ज्या शिडीने आपण वर चढलो, ती इतरांसाठीही उभी करणे, हेच शिष्यवृत्तीचे खरे चीज होय.

स्वाध्याय
१. शिष्यवृत्ती देण्यापूर्वी महाराजांनी भीमरावांची पारख कशी केली?
२. १९१३ च्या करारातील अटी सांगा.
३. ‘शब्द टाकणे’ व ‘चीज करणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.