जुनी जखम आणि आजचे दुखणे



कंबर दुखते, डोके ठणकते, पोटात कळा येतात. एक्स-रे, सोनोग्राफी, रक्ततपासणी सगळे नॉर्मल. मग घरचे म्हणतात, "हिला काही झालेले नाही, सगळे मनाचे खेळ आहेत." घरभेटींना गेलो की हे वाक्य आम्हांला हमखास ऐकू येते.

१९८५च्या सुमारास अमेरिकेतील सॅन दिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी वजन कमी करण्याचे उपचार केंद्र चालवीत. ज्यांचे वजन छान उतरत होते तेच रुग्ण उपचार अर्धवट सोडून जात. कारण शोधताना कित्येकांनी बालपणी झालेले लैंगिक अत्याचार सांगितले. तोवर त्यांना कुणी विचारलेच नव्हते! पुढे डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासह त्यांनी १७ हजारांहून अधिक प्रौढांना बालपणाविषयी प्रश्न विचारले. पहिले निष्कर्ष १९९८ साली आले: लहानपणीचे आघात जितके जास्त, तितके मोठेपणीचे आजार जास्त.

दुखण्याबाबतही तेच. २०२३ साली ८५ अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यांत ८ लाखांहून अधिक प्रौढ होते. बालपणी मार, अत्याचार किंवा हेळसांड सोसलेल्यांमध्ये जुनाट दुखण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळली.

असे का व्हावे? सतत भीतीखाली वाढणाऱ्या मुलाचे शरीर कायम सावध राहते. धोका टळला तरी मज्जासंस्था सावधच राहते आणि साधी वेदनाही मोठी करून मेंदूपर्यंत पोहोचवते. म्हणजे दुखणे खरेच असते, सोंग नव्हे. मात्र प्रत्येक पाठदुखीमागे अत्याचार असतो असे नाही आणि अत्याचार सोसलेल्या प्रत्येकाला असे दुखणे जडतेच असेही नाही. तेव्हा शेजारणीची कंबर दुखते म्हणून तर्क लढवू नयेत, ही विनंती!

"माफ कर आणि विसरून जा," असे आपण भाविक माणसे फार लवकर म्हणतो. ऐकणाऱ्याला ते "गप्प बस" असे ऐकू येते. असे अत्याचार चर्चच्या छायेतही झाले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०१८च्या पत्रात ते कबूल केले आणि या जखमा पुसल्या जात नाहीत, असेही लिहिले. कुणी मन मोकळे केले तर आधी ऐकून घ्यावे, विश्वास ठेवावा. ती गोष्ट दुसऱ्या घरी नेऊ नये. औषधांबरोबर समुपदेशन, हलका व्यायाम आणि पुरेशी झोप यांनी अशा दुखण्यात बऱ्याच जणांना उतार पडतो. डॉक्टरांना जुनी हकीकत सांगितली तर उपचारांची दिशा ठरवणे सोपे जाते.

आज एखादे मूल हे सोसत असेल, तर घराण्याची अब्रू आड आणू नये. लहान मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती न कळवणे हा २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ आहे. फोन मोफत लागतो, रात्रीही.