जुन्या स्वेटरपासून थंडीचा माल

पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांतला कामगार रात्रपाळी संपवून पहाटे दुचाकीवर घरी येतो. डिसेंबर-जानेवारीत या भागात पारा कधीकधी १० अंशांच्याही खाली उतरतो. तेव्हा कानपट्टी, हातमोजे आणि मफलर यांना गिऱ्हाईक असते. जुन्या स्वेटरपासून हा माल घरच्या शिलाई मशीनवर तयार होतो. शिवणकाम जाणणाऱ्या बंधू-भगिनींनी याचा जरूर विचार करावा, असे आम्ही सुचवतो.

माल घेताना आधी सूत ओळखावे. एखादा धागा काढून जाळून पाहावा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरडली, तर ती लोकर. धागा वितळून कडक गोळी झाली, तर ते अ‍ॅक्रिलिक. लोकर साबणाच्या गरम पाण्यात चोळली की बहुधा आटून घट्ट होते आणि कापल्यावर सहसा उसवत नाही. अ‍ॅक्रिलिक तसे आटत नाही. म्हणून कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आधी झिगझॅग टीप मारावी, मगच कात्री लावावी. स्वेटरची खालची ताणणारी पट्टी कानपट्टीला वापरावी, बाहीचे मनगट हातमोज्याला. शिवताना कापड ओढू नये.

एक गोष्ट मात्र विसरू नये. ठिणगी पडली तर अ‍ॅक्रिलिक वितळून कातडीला चिकटते. वेल्डिंग करणाऱ्याला हा माल कामावर घालू नका, असे स्पष्ट सांगावे. फिरत्या यंत्राजवळ मफलर आणि हातमोजे नकोत, हेही सांगावे. माल जुन्या कापडाचा आहे हे लपवू नये. गिऱ्हाईक पुढच्या थंडीतही आपल्याकडेच यायला हवे.