छातीतली जळजळ मोजायची कशी?

‘डॉक्टर, एंडोस्कोपी नॉर्मल आली, मग छातीत एवढी आग का पडते?’ हा प्रश्न अनेक रुग्ण विचारतात. जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर येण्याचा, म्हणजे रिफ्लक्सचा, त्रास असलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या अन्ननलिकेत दुर्बिणीतून जखम दिसतच नाही. त्रास मात्र खराच असतो. म्हणूनच तज्ज्ञांच्या २००६ मधल्या ‘माँट्रियल व्याख्ये’ने या आजाराच्या निदानात रुग्णाला जाचणाऱ्या लक्षणांना स्थान दिलं.

हा जाच मोजण्यासाठी खास प्रश्नावल्या आहेत. अमेरिकेतले सर्जन व्हिक व्हेलानोविच यांनी १९९६ मध्ये मांडलेली प्रश्नावली त्यांपैकी एक. आडवं पडल्यावर जळजळ होते का? जेवल्यावर? झोपमोड होते का? खाणं बदलावं लागलं का? प्रत्येक उत्तराला ० ते ५ गुण. लक्षण नसेल तर ०, जाणवतं पण त्रास नाही तर १, रोज त्रास होत असेल तर ३, कामंच करता येत नसतील तर ५.

इंग्रजीतली अशी प्रश्नावली दुसऱ्या देशात, उदाहरणार्थ इराणमध्ये, वापरायची, तर नुसतं फारसी भाषांतर पुरत नाही. छातीतल्या जळजळीला इराणी माणूस ‘सूजेश-ए सर-ए देल’ म्हणतो. ‘हार्टबर्न’ या इंग्रजी शब्दाचं शब्दशः फारसी केलं, तर रुग्ण हृदयविकाराचा विचार करून उत्तर देईल. म्हणून आधी दोघं स्वतंत्रपणे भाषांतर करतात. मग ते भाषांतर फारसीतून पुन्हा इंग्रजीत आणून मूळ प्रश्नांशी ताडून पाहिलं जातं. तज्ज्ञ शब्द तपासतात आणि काही रुग्णांना ‘या प्रश्नातून तुम्हाला काय समजलं?’ असं विचारलं जातं.

पुढची कसोटी आकड्यांची. एकाच त्रासाबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी जुळतात का, हे क्रॉनबाख अल्फा हा आकडा सांगतो. तो साधारण ०.७ च्या वर असावा लागतो. एक-दोन आठवड्यांनी त्याच रुग्णाकडून प्रश्नावली पुन्हा भरून घेतात. प्रकृतीत फरक नसेल, तर गुणही फारसे बदलू नयेत. मात्र दुसरी फेरी रमजानमध्ये आली, तर जेवणझोपेच्या वेळा बदललेल्या असतात आणि गुणांतला फरक खराही असू शकतो. शेवटी हे गुण आधीच पारखलेल्या मापाशी ताडतात. इराणमध्ये असं माप हाताशी आहे: एसएफ-३६ या सर्वसाधारण आरोग्य-प्रश्नावलीचं फारसी रूप तेहरानमधल्या ४,१६३ जणांवर तपासून २००५ मध्ये प्रसिद्ध झालं.

यातून आपण काय घ्यायचं? आपल्याकडे ‘पित्त झालंय’ म्हणणाऱ्या कुणाला छातीत जळजळ असते, कुणाचं डोकं दुखून उलटी होते, तर कुणाच्या अंगावर गांधी उठतात. म्हणून डॉक्टरांना नेमकं काय होतं, केव्हा होतं आणि त्यामुळे काय अडतं, ते सांगा. गेल्या आठवड्यात किती रात्री झोप मोडली, काय खाणं सोडलं, हे लिहून आणा. प्रश्नावली दिली, तर ती तुमच्या भाषेत पारखलेली आहे का, हे जरूर विचारा. आजीला वाचता येत नसेल, तर प्रश्न आहे तसा वाचून दाखवा. उत्तर तिलाच देऊ द्या. उपचारापूर्वी आणि उपचारानंतर एकच प्रश्नावली भरा, म्हणजे औषधाचा गुण कळेल.

काही लक्षणांबाबत मात्र प्रश्नावलीची वाट पाहू नका. घास अडकणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी किंवा कारण नसताना वजन घटणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे जा. छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल आणि दरदरून घाम सुटत असेल, तर ॲसिडिटी समजून घरी थांबू नका. थेट रुग्णालय गाठा.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून त्रास अंगावर काढू नका. तो नीट सांगा, कारण योग्य उपचार त्यावरच ठरतात.