छोटे, तुझा झेड ड्राइव्ह एकदाच नीट लावून घे

छोटे, त्या पेनड्राइव्हची ये-जा आधी थांबव. तुझ्या दुकानात स्कॅनर एका कॉम्प्युटरला, फॉर्म भरायचे दुसऱ्यावर, प्रिंटर तिसऱ्याला. मग दिवसभर तो पेनड्राइव्ह या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. एकाच सातबाऱ्याच्या तीन ठिकाणी तीन प्रती होतात आणि घाईत नेमकी जुनीच अपलोड होते. आष्टीला तहसीलच्या कामासाठी येणारं माणूस धानोऱ्याहून, कड्याहून, दौलावडगावाहून मजुरी बुडवून आलेलं असतं. त्यात ऊसतोडीला निघायचे दिवस असले की विचारायलाच नको. टोळी कारखान्यावर गेली आणि मागे अर्जाला त्रुटी लागली, तर पोराचं जातीचं प्रमाणपत्र थेट पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत लांबतं. म्हणून हे तीन कॉम्प्युटर एकाच फोल्डरवर आणणं मला फार गरजेचं वाटतं.

तू म्हणालीस, फोल्डर शेअर करून बघितलं, चार दिवस छान चाललं आणि मग रोज सकाळी ड्राइव्हवर लाल फुली यायला लागली. हे सगळीकडे होतं गं. आमच्या ऑफिसात नवीन कुणी आलं की पहिली तक्रार हीच असते. कायमचं जोडायचं म्हणजे विंडोजने तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या: ड्राइव्हचं अक्षर, फोल्डरचा पत्ता आणि आत शिरायचं नाव-पासवर्ड. यातली एक जरी बदलली किंवा विसरली गेली, की जोडणी तुटलीच.

आधी घर ठरव, म्हणजे फोल्डर कुठल्या कॉम्प्युटरवर राहणार ते. माझं ऐकशील तर जो इन्व्हर्टरवर आहे आणि ज्याला राउटरची केबल थेट लावता येते, तोच घे. सगळ्यात नवा असायची काही गरज नाही. त्याच्या पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन स्लीप 'नेव्हर' कर. तो झोपला की बाकी दोघांसाठी फोल्डर नाहीसंच झालं, आणि तुझी निम्मी फुली मला याचीच वाटते. स्क्रीन बंद झाली तरी चालेल, मशीन जागं पाहिजे. त्याच्या नेटवर्कचं प्रोफाइलही बघून घे. ते 'पब्लिक' असेल तर विंडोज बाहेरच्या कुणाला आत घेत नाही, 'प्रायव्हेट' पाहिजे. राउटर बदलला की विंडोजला ते नवीन नेटवर्क वाटतं आणि प्रोफाइल पुन्हा पब्लिकवर जाऊ शकतं, तेवढं ध्यानात असू दे.

आता पत्ता. तुला कुणीतरी १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा टाकून दिलाय ना? गडबड तिथेच आहे. तो आकडा राउटर वाटतो आणि तो काही कुणाच्या मालकीचा नसतो. लाइट गेली, राउटर बंद होऊन चालू झाला, की काल ज्याला शेवटी पाच होता त्याला आज सात मिळू शकतो. तुझा ड्राइव्ह मात्र पाचाच्याच दारात उभा. त्यापेक्षा कॉम्प्युटरला साधंसं नाव दे, इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, पंधरा अक्षरांच्या आत. समज 'दुकान१' ठेवलंस आणि फोल्डरला 'कागद', तर पत्ता झाला \\दुकान१\कागद. सुरुवातीला दोन उलट्या तिरक्या रेघा, मध्ये एक. नावाने सापडत नसेल तर राउटरमध्ये जाऊन त्या मशीनसाठी आकडा राखून ठेवता येतो, म्हणजे तोही बदलत नाही. ते मी फोनवर सांगेन.

आता ज्यासाठी खरं तर मी एवढं लिहायला बसले ते सांगते. तुझ्याकडे आलेल्या माणसाने फोल्डर शेअर करताना 'एव्हरीवन'ला सगळे अधिकार दिले आणि पासवर्डवालं शेअरिंग बंद करून टाकलं. असं करणारे पुष्कळ आहेत, कारण मग लगेच चालतं आणि गिऱ्हाइकाची कटकट मिटते. पण ही दुकानाची किल्ली शटरलाच लटकवून घरी जाण्यासारखी गत झाली. तुझ्या वायफायचा पासवर्ड चहावाल्या पोरापासून शेजारच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळ्यांकडे आहे. त्यातला कुणीही तुझं फोल्डर उघडेल. आत काय आहे बघ तरी: लोकांचे आधार, बँकेची पासबुकं, उत्पन्नाचे दाखले, विधवा बायांची निराधार योजनेची कागदपत्रं. त्यांनी ती विश्वासाने तुझ्या हातात दिलीत. २०२३ साली केंद्राने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केलाय. काम झाल्यावर माहिती पुसावी असं त्यातही आहे. पण कायदा नसता तरी मी तुला हेच सांगितलं असतं.

तेव्हा 'दुकान१'वर एक वेगळं खातं काढ, मायक्रोसॉफ्टच्या ईमेलशिवायचं, साधं लोकल. नाव 'काउंटर' ठेव आणि चांगला पासवर्ड दे. तुझं स्वतःचं खातं यासाठी वापरू नकोस. तू तिथे चार आकडी पिन टाकून आत जातेस, पण तो पिन त्या एकाच मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून चालत नाही, पासवर्डच लागतो. पिन टाकून टाकून वैतागलेली कितीतरी माणसं मी पाहिलीत. मग फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, ॲडव्हान्स्ड शेअरिंग. तिथल्या परमिशन्समधून 'एव्हरीवन' काढ, 'काउंटर' घाल आणि 'चेंज'वर टिक कर, 'रीड' असू दे. शेजारी सिक्युरिटी नावाचा टॅब आहे, तिथेही 'काउंटर'ला 'मॉडिफाय' दे. दोन्हीकडे वेगवेगळे अधिकार असले तर विंडोज कडक असेल तेच मानतं. म्हणूनच कधी फाइल उघडते पण सेव्ह होत नाही. शेवटी पासवर्डवालं शेअरिंग पुन्हा चालू करायला विसरू नकोस. तसंही विंडोज ११ प्रोच्या २०२४ च्या आवृत्तीपासून बिनपासवर्डाचं पाहुणेखातं आपोआप चालत नाही, म्हणजे नवा कॉम्प्युटर घेतलास की ती जुनी युक्ती तिथेच अडणार.

उरलेल्या दोघांवरचं काम सोपं आहे. 'धिस पीसी' उघड, वरच्या तीन टिंबांत 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' मिळेल. अक्षर झेड घे. डी, ई, एफ सोडून दे, कारण गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लागला की तो तीच अक्षरं धरतो. पत्ता टाक. खाली दोन टिका आहेत. 'रीकनेक्ट ॲट साइन-इन' म्हणजे प्रत्येक वेळी आत आल्यावर पुन्हा जोड. आणि 'कनेक्ट युजिंग डिफरंट क्रेडेन्शियल्स' म्हणजे नाव-पासवर्ड वेगळा देणार आहे. दोन्ही कर. नाव विचारलं की नुसतं 'काउंटर' नको, 'दुकान१\काउंटर' असं पूर्ण टाक. आणि छोटे, त्याच छोट्या चौकटीत तळाशी 'रिमेंबर माय क्रेडेन्शियल्स' आहे, ते लोक हमखास सोडतात. पहिली टिक ड्राइव्ह लक्षात ठेवते, पासवर्ड मात्र या टिकेने राहतो. ही टिक करायची राहून गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पासवर्ड मागणार आणि तुला वाटणार की जोडणीच गेली.

एवढं करूनही कधीतरी लाल फुली दिसेल, तेव्हा घाबरायचं नाही. लाइट आली की तिन्ही मशीन एकदम चालू करतेस ना? काउंटरवरचं मशीन 'दुकान१'च्या आधी जागं होतं, पत्त्यावर कुणी नाही म्हणून फुली टाकून मोकळं होतं. पुढे घर जागं झालं तरी फुली तशीच राहते. झेडवर दोनदा क्लिक कर, उघडेल. 'दुकान१' आधी चालू करायची सवय लावलीस तर हेही होणार नाही. दुपारी गर्दी नसताना पंधरा मिनिटं कुणी फोल्डरला हात लावला नाही, तरी विंडोज ती जोडणी सोडून देतं. तो बिघाड नाही, उघडलं की पुन्हा जुळते.

इंटरनेट गेलं की मात्र तुझ्याकडे एक वेगळीच गंमत होते. फोल्डरला इंटरनेट लागतच नाही, राउटरला करंट असला की पुरे. पण लाइन गेली की तुझ्याकडे कामाला असलेला पोरगा काउंटरच्या मशीनला मोबाइलचा हॉटस्पॉट जोडतो. त्या क्षणी ते मशीन दुकानाच्या नेटवर्कमधून बाहेर पडलं, मग झेड कुठून दिसणार? पोर्टलचं काम उरकलं की त्याने परत दुकानाच्या वायफायवर यायचं, एवढंच.

कुणी जुन्या झेरॉक्स मशीनचं स्कॅन थेट फोल्डरात आणून देतो म्हणत 'एसएमबी वन' ही शेअरिंगची जुनी पद्धत चालू करायला सांगितलं, तर सरळ नाही म्हण. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला तो याच जुन्या पद्धतीतल्या भोकातून. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने नव्या विंडोज १० मध्ये ती मुळातच बंद ठेवली. असले व्हायरस एका मशीनमध्ये शिरले की जोडलेल्या झेड ड्राइव्हवरच्या फाइलीही कुलपात घालतात, म्हणून सगळं एका ठिकाणी आणलं की त्याची दुसरी प्रत हवीच. आणखी एक. काउंटरवरून झेडमधली फाइल डिलीट केलीस तर ती रीसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. हे पोराला समोर बसवून सांग. बाहेरची हार्ड डिस्क घे, संध्याकाळी 'दुकान१'ला लावून फोल्डर कॉपी कर आणि काढून घरी ने. लावलेलीच ठेवलीस तर व्हायरस तिलाही धरेल. कामं झालेल्यांचे स्कॅन फोल्डरातून पूस आणि हार्ड डिस्कवरूनही, ठेवून आपल्याला काय करायचंय?

पोरगा काम सोडून गेला की त्याच दिवशी 'काउंटर'चा पासवर्ड बदल. मग बाकी दोन मशीनवर कंट्रोल पॅनलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर उघडून 'दुकान१'च्या नोंदीत नवा पासवर्ड टाक, नाहीतर ती जुनाच पाठवत बसतील. वायफायचाही तेव्हाच बदल. वाईट वाटून घेऊ नकोस, त्याच्यावर संशय म्हणून नाही.

हे सगळं सुट्टीच्या दिवशी शटर खाली ओढून कर, गिऱ्हाइक समोर असताना नको. कुठे अडलीस तर व्हिडिओ कॉल लाव आणि स्क्रीनवर काय लिहून आलंय ते अक्षर न् अक्षर वाचून दाखव, 'काहीतरी एरर आलाय' असं सांगू नकोस.