पैठणी आणि परताव्याचा फोन

मोबाइलवर रील पाहता पाहता मध्येच एक हातमाग दिसतो. मागावर मोरांचा पदर, शेजारी विणकर, आणि खाली अक्षरं सरकत असतात : ‘येवल्याहून थेट तुमच्या घरी. अस्सल रेशमी पैठणी फक्त १,४९९ रुपयांत. शेवटचे काही नग.’ लग्नसराई जवळ आली की अशा जाहिरातींचं पेव फुटतं. त्यातला व्हिडिओ पुष्कळदा खऱ्या विणकराचाच असतो, त्याच्या पानावरून न विचारता उचललेला. म्हणून तर तो पटतो.

ठाण्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेलाही तो पटला. भाचीच्या लग्नात नेसायला पैठणी हवी होती आणि पैसे पार्सल आल्यावरच द्यायचे होते. “आधी पैसेच द्यायचे नाहीत, मग फसणार कशी, असं वाटलं,” बाई सांगतात. ही समजूत अनेकांची असते. पण कॅश ऑन डिलिव्हरीत पाकीट फोडण्याआधीच पैसे मोजावे लागतात. कुरिअरवाल्याला आत काय आहे ते ठाऊक नसतं, परत घ्यायचा अधिकारही नसतो. काही मोठ्या कंपन्या दारातच पाकीट उघडून दाखवण्याची सोय देतात, पण ती ठरावीक वस्तूंपुरती असते.

पाकिटातून निघाली ती कृत्रिम धाग्याची, यंत्रमागावरची साडी.

बाजारात तिला सेमी पैठणी म्हणतात. त्या नावाने आणि त्या भावाने विकली तर त्यात काही गैर नाही. अनेक घरांत ती हौसेने नेसली जाते. हातमागावरच्या रेशमी पैठणीचं गणित मात्र वेगळं असतं. ती विणायला आठवडे लागतात, पदर भरगच्च असला तर महिने, आणि किंमत काही हजारांपासून लाखांपर्यंत जाते. पदर उलटून पाहिला की फरक कळतो : हाताने विणलेल्या पदरावरचा मोर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो, यंत्रावरच्या पदराच्या मागे सुटे धागे लोंबतात किंवा ते कापलेले दिसतात. विकत घेण्याआधी पदराच्या उलट बाजूचा फोटो मागावा. खरा विणकर तो आनंदाने पाठवतो. रेशमाची खात्री देणारं सिल्क मार्कचं लेबलही मागता येतं. १,४९९ रुपयांत नुसतं रेशीमसुद्धा सुटत नाही, विणकराची मजुरी तर दूरच. म्हणजे अशी जाहिरात गिऱ्हाइकाबरोबर येवला-पैठणच्या मागावर बसलेल्या माणसाचंही नुकसान करते, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

इथवर गेले ते दीड हजार. मोठा घाव पुढे होता.

जाहिरातीतला नंबर बंद लागला, तेव्हा बाईंनी दुकानाच्या नावापुढे ‘कस्टमर केअर’ असं लिहून इंटरनेटवर शोधलं. सगळ्यात वर आलेला नंबर भामट्यांनीच पेरलेला होता. पलीकडचा माणूस अदबीने बोलत होता. “मॅडम, तुमचा परतावा मंजूर झालाय. एक स्कॅनर पाठवतो, तो स्कॅन करा, चौकटीत १९९९८ हा रिफंड कोड टाका आणि पिन दाबा.” ती चौकट रकमेची होती. कोड म्हणून टाकलेला आकडा खात्यातून वजा झाला.

यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, स्कॅन करावं लागत नाही. पिन मागितला गेला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार. हे माहीत असलेली माणसंही फसतात, कारण त्या क्षणी ती आपलेच पैसे परत मिळवायच्या घाईत असतात. पिनच्या आधी पडद्यावर पैसे घेणाऱ्याचं नाव येतं, ते वाचायला क्षणभर थांबावं. दुकानाशी व्यवहार असताना भलत्याच कुणाचं नाव दिसलं तर तिथेच मागे फिरावं. परताव्यासाठी कुणी एनीडेस्कसारखं पडदा दाखवणारं अॅप घ्यायला सांगितलं, तरीही फोन ठेवून द्यावा. मदतीचा नंबर शोधायचाच तर ज्या अॅपवर किंवा संकेतस्थळावर खरेदी केली तिथेच शोधावा. आणि तिथे तो नसेल, तर ते खरेदीआधीच लक्षात यायला हवं : २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्या कंपनीने आपलं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क पानावर देणं बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं.

बाईंनी पुढे जे केलं ते मात्र प्रत्येकाने करावं असं आहे. त्या गप्प बसल्या नाहीत. भाचीला लगेच फोन केला. “मावशी, बाकी सगळं नंतर, आधी १९३० लाव,” ती म्हणाली. हा सायबर फसवणुकीचा देशभरचा क्रमांक. तिथे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, वेळ आणि रक्कम सांगितली की ती माहिती संबंधित बँकांकडे जाते आणि पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी रोखायचा प्रयत्न होतो. बाईंची निम्मी रक्कम अशी अडवली गेली. उरलेली तोवर काढून घेतली होती.

आपल्या बँकेलाही त्याच वेळी कळवावं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या चुकीमुळे झालेलं नुकसान बँकेला कळवेपर्यंत त्याच्या माथी असतं. कळवल्यानंतरच्या व्यवहारांची जबाबदारी बँकेची. त्यामुळे ‘यांना सांगू की नको’ या विचारात गेलेली रात्र महागात पडते. घरातल्यांनीही अशा वेळी ‘एवढी शिकलेली असून’ हे वाक्य गिळावं. त्या वाक्याच्या धास्तीनेच कितीतरी ज्येष्ठ माणसं तोंड उघडत नाहीत.

साडीच्या दीड हजारांची वाट वेगळी. त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, क्रमांक १९१५. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. खरेदी पाच लाखांपर्यंतची असेल तर शुल्क लागत नाही, आणि २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाद मागता येते. पुरावा म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पाकिटावरच्या लेबलचा फोटो आणि पाकीट उघडतानाचा अखंड व्हिडिओ लागतो. बाईंकडे लेबल होतं, कारण त्यांनी पिशवी फेकली नव्हती. त्यावर पाठवणाऱ्याचा जो पत्ता छापला होता, तोच त्यांनी तक्रारीत लिहिला आहे.