म्हातारपणी घराचा आधार : पैसा मिळवा, पण घर गमावू नका



साठी उलटली की मजुरीला जाणं होत नाही. औषधपाण्याचा खर्च मात्र वाढतो. अशा वेळी हातात उरतं ते राहतं घर. त्यातून चार पैसे कसे येतील, आणि कुठे सही-अंगठा करायचा नाही, हे या महिन्याच्या बैठकीत समजून घेऊ.

१. आधी कागद बघा
घर कोणाच्या नावावर आहे? ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड मिळतं. तुमच्या गावाचं झालं असेल तर त्यावर नाव बघा. मालक वारले असतील तर वारसनोंद करून घ्या.

२. खोली भाड्याने देणं
गावात शाळा, उपकेंद्र, बँक असेल तर शिक्षिका, नर्सताई खोली शोधतात. समजा, एका मावशीने दुरुस्तीसाठी गटातून १२,००० रुपये कर्ज घेतलं, दरमहा १ टक्का व्याजाने, १२ हप्त्यांत. खोलीचं भाडं १,५०० रुपये. पहिला हप्ता १,००० मुद्दल आणि १२० व्याज, म्हणजे ३८० रुपये हातात राहिले. पुढे व्याज दरमहा १० रुपयांनी कमी होतं. वर्षभराचं एकूण व्याज ७८० रुपये. दुसऱ्या वर्षापासून पूर्ण भाडं मावशीचं. करार मात्र लेखी आणि नोंदणी केलेला हवा. ओळखीचा भाडेकरू असला तरीसुद्धा!

३. रिव्हर्स मॉर्गेज
यात ६० वर्षांवरील मालकाला राहत्या घरावर बँक पैसे देते. हयातीत घर सोडावं लागत नाही. नंतर वारसांनी कर्ज फेडलं तर घर त्यांचं, नाहीतर बँक विकून वसुली करते. पण घर स्वतः मिळवलेलं आणि कागद स्वच्छ हवेत. वडिलोपार्जित सामाईक घराला हे जमत नाही, म्हणून गावात याचा उपयोग कमीच.

४. इथे थांबा!
"घर माझ्या नावावर करा, मी सांभाळतो," असं कोणी म्हटलं तर घाई करू नका. बक्षीसपत्र नोंदवलं की घर लगेच दुसऱ्याचं होतं. मृत्युपत्र आपल्यामागेच लागू होतं, हयातीत बदलता येतं, त्याला मुद्रांक शुल्क नाही. फक्त दोन साक्षीदार लागतात.
बक्षीसपत्र करायचंच असेल तर "माझा सांभाळ करावा" ही अट त्यात लिहून घ्या. सांभाळ झाला नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे ते रद्द करून मागता येतं. तोंडी वचनावर भांडणं फार अवघड जातं.
दुसऱ्याच्या कर्जासाठी घर गहाण ठेवतानाही कागद गटात वाचून घ्या. वाचल्याशिवाय अंगठा नाही.

बैठकीत चर्चा करा :
• आपल्यापैकी किती जणींचं नाव घराच्या कागदावर आहे?
• गटातल्या कोणत्या मावशीची खोली रिकामी आहे? दुरुस्तीला किती लागेल?
• कोणावर सही करण्याचा दबाव आहे का? तिच्यासोबत कोण जाईल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सचिवताईंनी इतिवृत्तात लिहावं. ज्यांचं नाव नाही त्यांची यादी करून पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत आणा, अर्ज मिळून लिहू.