फायबरच्या होडीची चमक आणि अर्धा मिलिमीटर

सुरुवातीलाच कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठीत सलग दोन पानं मी शेवटची लिहिली ती दहावीच्या पेपरात. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण विषयच असा आहे की तो मला मालवणी-मराठीतच कळला, इंग्लिशमध्ये नंतर वाचला. म्हणून मराठी विभागाकडेच आले.

माझा मामा देवबागला राहतो. कर्ली खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे पर्यटकांना होडीतून फिरवतो. मागच्या वर्षी त्याने पतपेढीचं कर्ज काढून बावीस फुटी एक जुनी फायबरची होडी घेतली. आधीच्या मालकाने ती चार-पाच वर्षं किनाऱ्यावर उन्हात तशीच टाकलेली. मूळ रंग गडद निळा, पण घेतली तेव्हा दिसायची पावडर लावलेल्या चेहऱ्यासारखी पांढुरकी. नुसतं दिसणं असतं तर चाललं असतं. काठाला टेकून बसलेल्या माणसाच्या कपड्यांना ती पांढरट भुकटी लागायची. एका बाईंची काळी सलवार खराब झाली तेव्हा मामाने भाड्याचे पैसे परत दिले. शेजारच्या दोन होड्या भरून जायच्या आणि आमची उभी.

पेंटरने सांगितलं, सगळी घासून नवा रंग द्यावा लागेल. त्याने सांगितलेला आकडा ऐकून मामा गप्पच झाला. सीझन सुरू, हप्ता सुरू. मी सेमिस्टर संपवून तिथे पोचले तर मामा म्हणाला, "तू इंजिनेर होतंस मा? मगे सांग, काय करूचा ह्या होडयेचा?"

मी थर्ड इयर मेकॅनिकल. होडीतलं मला शून्य कळत होतं. पण वर्कशॉपला फिटिंगच्या जॉबवर एमरी पेपर इतका घासलाय की पृष्ठभाग म्हणजे काय हे हाताला ठाऊक झालेलं.

पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे तांब्याभर पाणी होडीवर ओतलं. आणि काय आश्चर्य, जिथे पाणी तिथे अगदी गडद निळा रंग! दहा मिनिटांनी वाळलं की परत पांढरं. मामा म्हणाला, "ह्या रोजचाच आसा." पण मंडळी, सगळी गंमत ह्या तांब्याभर पाण्यातच आहे, म्हणून इथे जरा थांबू या.

गुळगुळीत पृष्ठभागावर प्रकाश सरळ पडला तर शेकडा चार-पाच टक्के तिथूनच परत फिरतो, बाकीचा आत जाऊन रंग घेऊन येतो. पृष्ठभाग सपाट असेल तर हे चार-पाच टक्के एकाच दिशेने जातात. त्यालाच आपण चमक म्हणतो. पृष्ठभागावर बारीक खड्डे पडले की तोच प्रकाश चारी दिशांना विखुरतो आणि तो पांढरा असल्यामुळे आतल्या निळ्यात मिसळून सगळं फिकं करून टाकतो. खड्ड्यांत पाणी भरलं की काय होतं? हवेचा अपवर्तनांक १, रेझिनचा साधारण १.५५, पाण्याचा १.३३. पाणी आणि रेझिन यांच्यातला फरक लहान, त्यामुळे त्या हद्दीवरून परत फिरणारा प्रकाश जेमतेम अर्ध्या टक्क्यावर येतो. वरचं पाणी स्वतः सपाट असतंच. फर्स्ट इयरच्या फिजिक्सचा हा धडा मी पाठ करून विसरले होते, तो देवबागच्या वाळूत पुन्हा भेटला.

ह्याचा अर्थ काय, तर रंग मेलेला नाही. तो खाली शाबूत आहे, फक्त वरचं काही मायक्रॉनचं कातडं खराब झालंय. ओली केल्यावरही होडी फिकीच राहिली असती तर मी मुकाट्याने पेंटरकडे बोट दाखवलं असतं. काही जण विकायच्या आधी अशा होडीवर डिझेल किंवा खोबरेल फिरवतात, तेही हेच. तेल म्हणजे न वाळणारं पाणी. लाकडी होडीला तेल पाजणं वेगळं, तिथे लाकूड ते पितं. फायबरवर तेल नुसतं बसतं आणि धूळ धरतं.

आता कातडं म्हणजे काय ते. फायबरची होडी आतून बाहेर नाही, बाहेरून आत बनते. आधी साचा. तो घासूनपुसून वॅक्स लावून आरशासारखा करतात. त्यात सगळ्यात आधी जेलकोट मारतात, म्हणजे रंग मिसळलेलं पॉलिएस्टर रेझिन, ज्यात काच नसते. मग त्याच्यामागे काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन, थरावर थर. साच्यातून होडी काढली की जेलकोट बाहेर येतो. म्हणजे नव्या होडीची चमक ही खरं तर साच्याची चमक असते. हा जेलकोट किती जाड? साधारण अर्धा मिलिमीटर. जर्नलची पाच पानं एकावर एक ठेवा, झालं तेवढंच.

उन्हातले अतिनील किरण रेझिनच्या साखळ्या तोडतात, हवेतला ऑक्सिजन तुटलेल्या टोकांना चिकटतो, आणि वरचं रेझिन झिजून जातं. त्याने धरून ठेवलेले रंगाचे कण सुटे होतात. तीच ती भुकटी. आपल्या हॉस्टेलमधल्या बाथरूमचे फायबरचे दरवाजे आठवा, खिडकीकडची बाजू पांढरी आणि आतली अजून नवी.

तर काम एवढंच. खराब थर काढायचा, पण अर्ध्या मिलिमीटरच्या बॅलन्समधून कमीत कमी खर्च करून. एकदा काढलेला जेलकोट परत येत नाही.

आधी धुणं. साबणाचं पाणी, मऊ ब्रश, मग गोडं पाणी भरपूर, कारण मिठाचा खडा पेपरखाली आला तर चरे पडतात. पाण्याच्या पातळीजवळ तांबूस-पिवळे डाग होते. मामी म्हणाली चिंच लाव, पितळेला लावतो तशी. कल्पना चुकीची नव्हती, आम्लाचंच काम आहे, फक्त चिंच कमी पडली. ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ पाणी लावल्यावर दहा मिनिटांत डाग गेले. ते गंजातल्या लोखंडाला विरघळणाऱ्या रूपात आणतं. विषारी आहे, हातमोजे हवेतच, आणि नंतर परत धुणं. त्यानंतर ॲसिटोनने पुसून जुनं तेल, वॅक्स काढायचं, फडकं सारखं बदलत. हे घासायच्या आधी. नाहीतर पेपर तोच चिकटपणा चऱ्यांमध्ये भरतो.

मग मी दोन फुटी चौकोनाला मास्किंग टेप लावली आणि सगळ्यात सौम्य उपाय आधी केला, म्हणजे नुसतं रबिंग कंपाउंड. भुकटी गेली, पण चमक धुरकट. मग १५०० नंबरचा पॉलिश पेपर. तरी खड्डे दिसत होते. ८०० वर बात बनली. म्हणजे ८००, १०००, १५००, मग कंपाउंड. ह्या एका चौकोनाला अर्धा दिवस गेला. मामा अस्वस्थ, पण आपण थेट ४०० ने सुरू केलं असतं तर नको तेवढा माल गेला असता. आकड्यांचा अंदाज असावा म्हणून सांगते, ४०० नंबरच्या पेपरचा कण सुमारे ३५ मायक्रॉनचा, ८०० चा २२, १५०० चा साडेबारा.

घासताना पेपर बोटांनी धरायचा नाही, बोटांच्या खुणा उमटतात. रबराचा ठोकळा घ्या. सारखं पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. ८०० आडवा फिरवला तर १००० उभा, १५०० परत आडवा, म्हणजे आधीचे चरे गेले की नाही ते लगेच कळतं. मध्येमध्ये पूर्ण वाळवून बघायचं. ओलं असताना सगळंच छान दिसतं, कारण वर सांगितलंच. कोरडं घासू नये. तो धुरळा छातीत जायला नको. ओला गाळही खाडीत नको, म्हणून आम्ही खाली ताडपत्री घातली होती. एका बाजूला बावीस फूट लांबी आणि दोन फूट उंची, म्हणजे ११ चौकोन, दोन्हीकडचे मिळून २२. सकाळी साडेसहा ते दहा, तेवढंच काम. ऊन चढलं की होडी तापते आणि कंपाउंड जागच्या जागी वाळतं.

आता माझा पराक्रम. कंपाउंड हाताने लावून खांदे गेले, म्हणून मी गावातून एक ग्राइंडर मागून आणला आणि त्याला बफिंगचा पॅड लावला. १०० मिलिमीटरची चकती, मिनिटाला ११,००० फेरे. पहिले दोन चौकोन जमले, माझी कॉलर ताठ. तिसरा चौकोन नाळेजवळचा, तिथे होडीला कडा येते. मी कडेवर एक-दोन सेकंद थांबले असेन. जळका वास आला. पॅड उचलला तर बिस्किटाएवढी चकती, मधोमध निळा रंग गायब आणि काचेच्या धाग्यांची जाळी उघडी.

मामाने बघितलं. ओरडला नाही. "ह्या काय केलंस गो?" एवढंच म्हणाला आणि विडी ओढायला माडाखाली जाऊन बसला. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं. कर्जाची होडी, आणि मी तिला भोक पाडायला निघाले होते.

रात्री हिशोब मांडला, जो सकाळी मांडायला हवा होता. १०० मिलिमीटरची चकती ११,००० फेऱ्यांनी फिरली तर कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ ५८ मीटर. बफिंग मशिनची १८० मिलिमीटरची चकती १,५०० फेऱ्यांनी फिरते, तिचा वेग सुमारे १४. दाब तोच धरला तर घर्षणाची उष्णता वेगाच्या प्रमाणात, म्हणजे मी चौपट उष्णता ओतत होते. तीही कडेवर, जिथे पॅडचा सगळा जोर एका रेघेवर येतो. पॉलिएस्टर थर्मोसेट आहे, वितळून परत बसत नाही. ते मऊ पडतं आणि करपतं. शिवाय साच्यात जेलकोट मारताना कडेवर तो आधीच पातळ बसलेला असतो. चारही गोष्टी मला विषय म्हणून माहीत होत्या. एकत्र कधी केल्या नव्हत्या.

दुरुस्ती अशी केली. जागा कोरडी करून २२० ने खरखरीत केली, ॲसिटोनने पुसली. जेलकोटमध्ये निळी पेस्ट मिसळून रंग जुळवला. मग हार्डनर, १०० ग्रॅमला दोन ग्रॅमच्या वर नाही. हे हार्डनर डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो, गॉगल लावा. आणि ॲक्सिलरेटर म्हणून कोबाल्ट वेगळं मिळालं तर ते हार्डनरमध्ये थेट कधीही ओतू नका, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. लावलेला जेलकोट हवेत उघडा राहिला तर वरून चिकटच राहतो, कारण ऑक्सिजन त्याचं सेटिंग अडवतो. म्हणून प्रोजेक्ट रिपोर्टला लावतात ती पारदर्शक प्लास्टिक शीट वर दाबून टेपने बंद केली. दुसऱ्या दिवशी शीट सोलली, ४०० पासून वर घासत आले. रंग थोडा गडद झाला. कडेने बघितलं की कळतं.

त्यानंतर मामाने मालवणहून वेग कमी-जास्त करता येणारं बफिंग मशिन भाड्याने आणलं. लोकरी पॅड, कंपाउंड आधी होडीवर बोटाने ठिपके देऊन पसरायचं, मगच मशिन चालू. पॅड सतत हलता, दर चौकोनाला पॅड ब्रशने मोकळा. तळहात लावून बघायचं, गरम लागली जागा की पुढे सरकायचं. कडा आणि कोपरे मशिनने नाहीच, त्यांना टेप लावून ठेवली आणि शेवटी हाताने केलं. मग फोम पॅडवर बारीक पॉलिश. तिसऱ्या दिवशी होडीत माडाच्या झावळ्या दिसायला लागल्या, पाती मोजता येतील इतक्या.

शेवटी वॅक्स. वॅक्सने चमक येत नाही, आलेली टिकते. भुकटीवर वॅक्स फासलं तर पंधरा दिवस बरं दिसतं, मग पहिले पाढे पंचावन्न. आम्ही कार्नोबा वॅक्सचे तीन हात दिले, दरवेळी वाळू देऊन, सुती फडक्याने पुसून. पाण्याखालच्या भागाला वॅक्स नाही, कारण तिथे शेवाळ आणि कालवं धरू नयेत म्हणून वेगळा रंग लागतो आणि वॅक्सवर तो धरत नाही. कोकणातल्या उन्हात वॅक्स काही महिनेच टिकतं. मामाला सांगितलंय, सीझन सुरू व्हायच्या आधी एकदा आणि मध्ये एकदा, आणि होडी वर ओढली की झापांच्या सावलीत.

एकूण दहा दिवस गेले. खर्च पेंटरच्या आकड्याच्या पाचव्या हिश्शाएवढा, त्यात माझी मजुरी धरलेली नाही, मासे धरलेत. अकराव्या दिवशी पहिलं भाडं लागलं, पुण्याचं सात जणांचं कुटुंब. त्यातल्या आजी पांढरी साडी नेसून काठाला टेकून बसल्या आणि मी त्या उतरेपर्यंत जेटीवरून हलले नाही. साडी स्वच्छ होती. ती गडद चकती मामा अजून लोकांना दाखवतो, "आमच्या इंजिनेर भाचीन केल्यान ही."

उरलेलं अर्धा डबा कंपाउंड आणि १५०० चे चार पेपर माझ्या खोलीत आहेत. बाथरूमच्या दरवाजावर किंवा बाइकच्या फायबरच्या डोमवर प्रयोग करायचा असेल तर घेऊन जा. आधी तांब्याभर पाणी ओतून बघा. ग्राइंडर मागू नका.